तेवीस मशिनं, एक वेळ

२ जून, सोमवार

सिडनीहून डॅनिका नावाच्या ऑडिटर बाईंची मेल. आपल्या सगळ्या व्हर्च्युअल मशिनांवरची गेस्ट टूल्स जुनी आहेत. काही तर नऊ वर्षं जुनी. तीस जूनच्या आत अद्ययावत करावीत, अन्यथा नगरपालिकेची सर्व्हर खोली बंद करून काम सिडनीच्या कंपनीकडे द्यावं अशी शिफारस करावी लागेल.

अन्यथा हा शब्द आवडला नाही.

नगरसेवकांना मी हे असं समजावतो. माझ्या खोलीत एकच लोखंडी पेटी. तिच्या पोटात तेवीस मशिनं. खरी नव्हेत, भासाची. पाणीपट्टी, ग्रंथालय, दफनभूमी, कुत्र्यांचे परवाने. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. म्हणजे एका घरात तेवीस भाडेकरू. गेस्ट टूल्स हा लहानसा प्रोग्रॅम प्रत्येक भाडेकरूच्या खोलीत बसवायचा. मग त्याचं घरमालकाशी बोलणं नीट चालतं. घरमालक म्हणजे पेटी. पेटीचा मालक मी.

नगरसेवक मान डोलावतात आणि चहाकडे बघतात.

तीस तारीख कशाला? शुक्रवारपर्यंत उरकेन.

३ जून, मंगळवार

यादी उघडली. प्रत्येक मशिनापुढे पिवळा त्रिकोण. टूल्स जुनी आहेत याची खूण. तेवीस त्रिकोण एकाखाली एक बघून काम करायची उमेद जाते. तो रकाना लपवता येतो असं लक्षात आलं. लपवला. यादी आता स्वच्छ दिसते.

सुरुवात चांगली झाली.

५ जून, गुरुवार

माहितीपुस्तक उतरवून घेतलं. जाड आहे. अनुक्रमणिका वाचली. व्यवस्थित लिहिली आहे.

शेजारच्या टेबलावरची नोएलीन आली. तिच्या स्क्रीनवरचा बाण उड्या मारतो ही तिची जुनी तक्रार. मी म्हटलं, नवी टूल्स नेमकं हेच दुरुस्त करतात. ती म्हणाली, हे तू ग्रंथालयाचं छप्पर गळत होतं तेव्हापासून सांगतोयस. छप्पर दुरुस्त झालं.

मी म्हटलं, अशी कामं घाईत होत नसतात.

६ जून, शुक्रवार

शुक्रवारपर्यंत म्हटलं होतं. कोणता शुक्रवार, ते म्हटलं नव्हतं.

९ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. राजाचा वाढदिवस आज नसतो, सुट्टी आज असते. पत्र्यावर दंव. गाडीची काच खरवडावी लागली.

माझी बायको लॉरेन आणि नोएलीन जुना पोहण्याचा तलाव बघायला गेल्या. लॉरेनने अर्ध्या गावाला त्या तलावात पोहायला शिकवलंय. दोन उन्हाळ्यांपूर्वी तळाला भेग पडली आणि कुंपणाला कुलूप लागलं. मुलं पोहायची थांबत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ती खाणीच्या पाणी भरलेल्या जुन्या खड्ड्यात उतरू लागली. फेब्रुवारीत गावातल्या कर्सलेकच्या मुलीला वेळेवर बाहेर ओढलं. तेव्हापासून लॉरेन खाणीच्या रस्त्याने गाडी नेत नाही, दूध आणायलासुद्धा लांबून जाते.

नोएलीन दोन वर्षं नव्या तलावाच्या अनुदानाचा अर्ज तयार करते आहे. राज्य सरकारचं अनुदान. मुदत वीस जून, संध्याकाळी पाच. सिडनीचे पाच, म्हणजे आमचे साडेचार.

जेवताना लॉरेनने विचारलं, तुझ्या त्या कामाने तिच्या कामात अडथळा नाही ना येणार.

वाईट वाटलं.

१० जून, मंगळवार

दफनभूमीपासून सुरुवात केली. तिथे कुणाला घाई नसते. व्हर्च्युअल सीडी लावली, पुढे, पुढे, पुढे, मग मशीन बंद करून चालू. आलं परत. बाण लोण्यावरून फिरावा तसा फिरतो. हे इतकं सोपं असेल तर नऊ वर्षं थांबलो त्यात काहीच बिघडलं नाही.

डॅनिकाची सूचना: प्रत्येक मशिनाची आधी एक प्रत काढून ठेवावी. दफनभूमीची काढली नाही. तिथलं काय बदलणार.

मग कुत्र्यांचे परवाने. मशीन बंद करायच्या आधी काउंटरवर विचारायला हवं होतं असं मागाहून कळलं. एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा ताटकळत उभे राहिले. कुत्र्याने संयम दाखवला.

११ जून, बुधवार

नोएलीनचं मशीन केलं. ती त्यात होती.

अर्जातलं इंजिनिअरच्या खर्चाचं अख्खं पान गेलं. ती चहाचा कप हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "डेस, दार वाजवून आत यायची पद्धत तुमच्या खात्यात आहे का?"

मी समजावलं की टूल्स बसवली की शेवटी मशीन बंद करून चालू करावंच लागतं. ती म्हणाली, मरावंही शेवटी लागतंच, पण हॉस्पिटलवाले आधी नातेवाइकांना बोलावतात.

वीस वर्षं शेजारी बसतो आम्ही. अशा गोष्टी मी मनावर घेत नाही. तिने पान पुन्हा लिहिलं. मला वाटतं दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं असणार.

निश्चय: यापुढे दार वाजवायचं.

१२ जून, गुरुवार

टूल्स बसवताना एक चौकोन येतो. या मशिनाचं घड्याळ घरमालकाच्या घड्याळाशी जुळतं ठेवायचं का? डॅनिकाची सूचना: चौकोन रिकामा ठेवावा. कारण दिलेलं नाही. कारण दिल्याशिवाय मी काही रिकामं ठेवत नाही.

आणि वेळेच्या बाबतीत सिडनीने ट्रेवेलला शिकवू नये. राज्य सिडनीचं असलं तरी आमचं गाव ॲडिलेडच्या वेळेवर चालतं, सिडनीच्या अर्धा तास मागे. आजोबांच्या काळात आगगाडी तिकडे जायची म्हणून. आता आगगाडी नाही, वेळ आहे. इथे दंतवैद्याची वेळ घेतानाही आपली की त्यांची असं विचारतात. हायवेवर गेलं की फोन सिडनीची वेळ पकडून येतो आणि दोन दिवस सोडत नाही. त्यामुळे दोन घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक दिसला तर ट्रेवेलमध्ये कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. पुढचं असेल ते सिडनीचं. पोरंसोरंसुद्धा सांगतील.

पेटी बसवायला सिडनीची माणसं आली होती तेव्हा तिच्या पडद्यावर त्यांची वेळ होती. ती गेल्यावर मी स्वतःच्या हाताने घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. नंतर त्यांच्यातल्या एकाने फोनवर विचारलं, घड्याळ का हलवलं, तिथे नुसता वेळेचा विभाग निवडायचा असतो. मी म्हटलं, हे ट्रेवेल आहे.

तेव्हापासून माझ्या खोलीत सिडनीची वेळ नाही.

चौकोनात खूण केली. सगळीकडे करणार.

१३ जून, शुक्रवार

झालं. तेवीसच्या तेवीस.

लपवलेला रकाना परत आणला. सगळा हिरवा. बराच वेळ बघत बसलो. डॅनिकाला मेल पाठवली, एका ओळीची. मुदतीच्या सतरा दिवस आधी, असं त्यात सहज नमूद केलं.

सगळ्यांत मोठी गोष्ट घड्याळांची. आधी कुठलं मशीन दोन सेकंद पुढे, कुठलं तीन मागे. आता तेविसांवर एकच वेळ. एकाच वेळी सगळ्यांचा मिनिट बदलतो. बघण्यासारखं आहे. नोएलीनला बोलावलं. तिने बघितलं.

लॉरेनने डबा भरून लॅमिंग्टन केक दिले होते. ऑफिसात वाटले.

ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ स्क्रीनच्या अर्धा तास पुढे निघालं. कुणीतरी सिडनीवर लावून ठेवलंय. खुर्चीवर चढून मागे घेतलं. मग लक्षात आलं की माझा फोनही पुढे आहे. तोही स्क्रीनवरून लावला, टॉवरशी संबंधच तोडून टाकला. आणि आश्चर्य म्हणजे माझं मनगटी घड्याळसुद्धा पुढे. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१६ जून, सोमवार

वातावरण बदललंय. सकाळी साडेआठला पाच कमी असताना पोचलो तर सगळे आधीच जागेवर. कुत्र्यांच्या काउंटरवर तर रांग. मशिनं चांगली चालली की माणसं आपोआप लवकर येतात. हे वॉरिकच्या कानावर घालायला हवं. वॉरिक म्हणजे आमचा जनरल मॅनेजर.

खाणीचा भोंगा आज तीनलाच झाला. साडेतीनला होतो. पाळी लवकर सोडतायत, म्हणजे खाणीचं काही खरं नाही. लॉरेनचा भाऊ तिथे आहे. त्याने आताच दुसरीकडे बघावं.

संध्याकाळी मात्र निराशा. साडेचारला ऑफिस ओस. कोट घालून सगळे निघालेसुद्धा. पाचपर्यंत मी एकटा होतो.

उत्साह सकाळचा असतो, हेच खरं.

१७ जून, मंगळवार

लॉरेनने साडेपाचलाच ताट वाढलं. आमच्याकडे सहाला जेवतात. चॉप्स, वाटाणे, कुस्करलेला बटाटा. भूक नव्हती.

स्वयंपाकघरातलं घड्याळ बघितलं तर अर्धा तास पुढे. मी म्हटलं, हे सिडनीवर कसं गेलं? आणि उठून मागे घेतलं. तिने काटा चमचा खाली ठेवला, उठली, घड्याळ पुढे केलं.

"हे माझ्या आईचं घड्याळ आहे," ती म्हणाली. "ते सिडनीला कधी गेलेलं नाही."

वाद वाढवला नाही. ट्रेवेलमध्ये एका घरात दोन वेळा नांदतात. आईवडिलांच्या घरीही नांदत होत्या.

भावाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, भोंगा साडेतीनलाच झाला. तिला आजकाल कमी ऐकू येतं का ते बघायला हवं.

१८ जून, बुधवार

बेकरी बंद. दोनला बंद होते, मी पावणेदोनला दारात. आत दिवेसुद्धा मालवलेले. मांसाच्या पेस्टीशिवाय बुधवार काढला. पावाला किसलेलं चीज आणि कोबी लावून खाल्लं.

खाण, बेकरी, ऑफिस, घर. एकूण गावातच वक्तशीरपणा घसरतोय. वॉरिकला टिपण लिहिलं: सर्व संस्थांची घड्याळं माझ्या पेटीला जोडावीत. सुरुवात शाळेपासून करता येईल. शाळाही लवकर सुटते असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

वॉरिकने उत्तर दिलं नाही. विचार करत असणार.

२० जून, शुक्रवार, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो.

नोएलीनचा अर्ज कालच पूर्ण झाला होता. फक्त वॉरिकची सही राहिली होती आणि वॉरिक पुलाच्या पाहणीला गेला होता. दुपारभर ती खिडकीत. पावणेचारला ती माझ्या दारात आली. वाजवून आली. हातात कुणाचातरी फोन. फोनवर सव्वाचार. स्क्रीनवर पावणेचार. म्हणाली, "डेस, यातलं खरं कुठलं? भोंगा होऊनही बराच वेळ झालाय."

मी म्हटलं, खाण हल्ली लवकर सोडते. "स्क्रीन खरी. फोन सिडनीचा आहे."

"म्हणजे तिथे सव्वाचार," ती म्हणाली. "पाऊण तास आहे." आणि दिवसभरात पहिल्यांदा चहा टाकला. मलाही दिला.

वॉरिक चारला आला. सही केली. तिने सगळी पानं एकदा शेवटची तपासली. चार वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे मुदतीच्या चांगली पंचवीस मिनिटं आधी, बटण दाबलं.

पडद्यावर आलं: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

तिने पुन्हा दाबलं. मग खुर्चीत मागे टेकून बसली. पडद्याकडे बघत म्हणाली, "पाच मिनिटांपूर्वी बंद झालं म्हणतंय."

सिडनीने अर्धा तास आधीच खिडकी बंद केली. दुसरा अर्थ निघत नाही. मी तिला म्हटलं, सोडायचं नाही. माझ्याकडे नोंदी आहेत.

तिने कप धुतले आणि घरी गेली. माझाही धुतला.

२१ जून, शनिवार

फुटी, म्हणजे आमच्याकडचा फुटबॉल, बघायला मैदानावर. पोचलो तर पहिला डाव संपलेला. सामन्याची वेळ बदलली आणि कळवण्याची तसदीही नाही.

खाण, बेकरी, शाळा, सिडनी, आता फुटी. सगळे घाईत. कुंपणाशी उभा राहून एकटं वाटलं. खऱ्याच्या बाजूला गर्दी नसते.

कर्सलेक भेटला. नुसती मान हलवली. त्याची मुलगी गाडीच्या टपावर बसून सामना बघत होती, पाय खाली सोडून. मोठी झाली.

२३ जून, सोमवार

डॅनिकाचा फोन. ऑडिटबद्दल नाही. वॉरिकने सिडनीला बरेच फोन केले होते. त्यातला एक तिच्यापर्यंत पोचला. तिने तिथे बसल्या बसल्या माझी पेटी तपासली होती.

तिचं म्हणणं असं. माझी तेवीस मशिनं ट्रेवेलची वेळ दाखवायला स्वतःहूनच अर्धा तास वजा करतात. इतकी वर्षं ती बाहेरून वेळ घेत होती, म्हणून बरोबर होती. आता खूण केल्यामुळे ती पेटीची वेळ घेतात. आणि पेटीचं घड्याळ मी आधीच अर्धा तास मागे घेतलेलं. "अर्धा तास दोनदा वजा होतोय, मिस्टर केसेल. एकदा मशीन करतं, एकदा तुम्ही केलाय."

मी म्हटलं, हे एक मत झालं.

तिने विचारलं, "तुमच्या खोलीला खिडकी आहे का?"

सर्व्हर खोलीला खिडकी नसते. ऑडिटरला हे माहीत असायला हवं.

अनुदानाचं ऑफिस एका अटीवर अर्ज घ्यायला तयार आहे. चूक आमच्या घड्याळाची होती असं नगरपालिकेने लेखी द्यायचं, आणि त्यावर घड्याळं ज्याच्या ताब्यात आहेत त्याची सही. मुदत येता शुक्रवार.

वॉरिकने बोलावलं. मी स्पष्ट सांगितलं, खोट्यावर सही करणार नाही. अर्ज चार वाजून पाच मिनिटांनी गेला ही नोंद आहे. एका मशिनाची नाही, तेविसांची. तेवीस साक्षीदार.

वॉरिक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डेस, तेविसांनी एकालाच विचारलंय."

वकिली मुद्दा आहे. उत्तर तयार करतो.

२४ जून, मंगळवार

गुरुवारी सहाला नगर सभागृहात खास सभा. पहिलाच विषय माझा. मी पुरावा मांडायचा, मग काय पाठवायचं ते ठरणार. माझी तक्रार, की त्यांचा कबुलीजबाब.

पुराव्याची फाईल केली. प्रत्येक मशिनाचं एक पान. दफनभूमीचं पान वर ठेवलं. तिथल्या नोंदीवर कुणी शंका घेणार नाही.

लॉरेनला जेवताना सगळं सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न आहे, हेही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू बरोबर असशील, डेस. नोव्हेंबरात ऊन तापलं की मुलं खड्ड्यातच जातील."

मी म्हटलं, सिडनीची चूक सिद्ध झाली की अनुदान आपोआप मिळेल. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, अशा गोष्टींना वेळ लागतो.

तिने भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. टिकटिक जोरात होते त्याची. भिंतीवर असताना जाणवत नाही.

२५ जून, बुधवार

गॅरेजमध्ये भाषणाची तालीम. चांगलं जमलंय. सुरुवात: मित्रहो, वेळ म्हणजे काय? इथे थोडं थांबायचं.

नोएलीन दोन दिवस बोललेली नाही. आज दार वाजवून आली आणि विचारलं, उद्या येणार आहेस ना. मी म्हटलं, वेळेआधी येईन. ती म्हणाली, बघू.

बेकरी आजही बंद.

२६ जून, गुरुवार, ५:४०

इस्त्रीचा शर्ट, टाय. फाईल तयार. लॉरेन पाच वीसलाच निघून गेली. सभा सहाला. स्वयंपाकघरातलं घड्याळही जागेवर नाही. दुरुस्तीला नेलं असेल तर चांगलं. जाताना दारातून काहीतरी ओरडली, बहुतेक दिवे मालव असं.

पाच मिनिटांचा रस्ता. दहा मिनिटं आधी पोचेन. वक्तशीर माणूस दारातून आत आला की अर्धा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.

२६ जून, नंतर

सभागृहाचं दार जड आहे, आवाज करतं. उघडलं तर सभागृह भरलेलं. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. सुरुवात झालेली नव्हती. व्यासपीठावर वॉरिक नुसता बसला होता, हात मांडीवर. डेस येईपर्यंत थांबू, असं त्याने सांगितलं होतं म्हणे. सगळे थांबले होते. दाराकडे बघत.

मला वाटलं काहीतरी बोलावं. म्हणालो, "मी दहा मिनिटं आधीच आलो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या रांगेत लॉरेन. मांडीवर तिच्या आईचं घड्याळ, बाळ धरावं तसं धरलेलं. सहा वाजून वीस मिनिटं. व्यासपीठावरच्या भिंतीवर तेच. मी खुर्च्यांच्या मधून चालत गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना मनगटं होती. बेकरीवालीचं, लॉरेनच्या भावाचं, कर्सलेकचं. सहा वीस. सहा वीस. एकवीस झालं ते सगळीकडे जवळजवळ एकदमच झालं.

फाईल काखेत होती. तेवीस पानं.

भाषणाची पहिली ओळ आठवली. मित्रहो, वेळ म्हणजे काय. म्हटली नाही.

नोएलीन कागद आणि पेन घेऊन आली. हळू म्हणाली, "आधी सही कर, डेस. मग काय बोलायचं ते बोल. आम्ही बसलोय."

सही केली. सहीखाली वेळ लिहायला जागा होती. फोन खिशातून काढला. परत ठेवला.

लॉरेनला विचारली.

२७ जून, शुक्रवार

सिडनीने अर्ज दाखल करून घेतला. नोएलीनने चहा टाकला. मला दिला.

तेवीस चौकोनांतल्या खुणा काढल्या. पेटीचं घड्याळ पुढे केलं. प्रत्येक मशीन बंद करून चालू करावं लागलं. प्रत्येक दार आधी वाजवलं. कुत्र्यांच्या काउंटरवर थांबायला सांगितलं, थांबलो. भिंतीवरचं घड्याळ खुर्चीवर चढून पुढे केलं. खुर्ची कुणीतरी धरली होती. बघितलं नाही कोण.

भोंगा साडेतीनला झाला.

३० जून, सोमवार

डॅनिकाचा अहवाल. सर्व गेस्ट टूल्स मुदतीत अद्ययावत, असं पहिल्याच वाक्यात आहे. दुसऱ्या वाक्यात सर्व्हर खोली बंद करण्याची शिफारस. पहिलं वाक्य लॉरेनला वाचून दाखवलं.

मला ग्रंथालयात पाठवणार आहेत. तिथे खिडक्या आहेत, लॉरेन म्हणाली.

पेटी न्यायला बुधवारी सिडनीहून माणूस येतोय. दहा वाजता. त्यांचे की आमचे, ते विचारायचं राहिलं.

साडेनऊपासून दारात उभा राहीन.